अकरावा आठवडा

माणसाची खरी वाढ आतून होते, हळूहळू होते, आणि ती ठरवून करता येत नाही. तिची वाढ मात्र जुलैमधल्या एका रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात पूर्ण झाली होती, मधला अर्धा तास जेवणाचा सोडून. पंधरा आठवड्यांचे पंधरा लेख. पहिल्यात भीती, तिसऱ्यात संकोच, पाचव्यात वर्गात विचारलेला पहिला प्रश्न, सातव्यात मैत्रीण, नवव्यात अपयश आणि ते पचवणं, अकराव्यात वडील, पंधराव्यात 'आज मागे वळून पाहताना'. मागे वळून पाहायला अजून काही घडलेलंच नव्हतं, पण त्यामुळे तिचं काही अडलं नाही. प्रत्येक लेखाला तिने तारीख लावली, दर गुरुवार, सकाळी आठ, आणि संगणक बंद करून कपडे वाळत घातले. आता पुढचे चार महिने आपली वाढ आपोआप होत राहणार, आपल्याला फक्त हजेरी लावायची आहे, या विचाराने त्या संध्याकाळी तिला फार हलकं वाटलं होतं.

यात लबाडी आहे असं तिला वाटलं नाही, कारण ती पाणीपुरवठा खात्यात अनुरेखिका होती. आरेखकाने काढलेल्या नकाशावरून त्याच रेघा पुन्हा काढायच्या, हे तिचं काम. पूर्वी त्यासाठी पारदर्शक कागद होता, आता पडदा आला, रेघा त्याच राहिल्या. आणि खात्याची एक रीत होती. जमिनीखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हची दरमहा तपासणी करून तक्त्यात शेरा लिहायचा. हेडक्लार्क बारा महिन्यांचे तक्ते जानेवारीतच भरून घेत, "म्हणजे वर्ष मोकळं जातं" असं म्हणत. ठीक, गळती नाही. ठीक, गळती नाही. एक व्हॉल्व्ह तर सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना डांबराखाली गेला होता आणि तो नेमका कुठे आहे हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं, पण दर महिन्याला तोही ठीक असायचा. या रीतीत वीस वर्षं मुरलेल्या बाईने पदवीशिवाय वरची जागा मिळत नाही म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं, आणि तिथे पहिल्याच तासाला 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवणाऱ्या बाईंनी, ज्या वयाने तिच्या भाचीएवढ्या असत्या, सांगितलं की प्रत्येकाने दर आठवड्याला ब्लॉग लिहायचा, त्यातून तुमची वाढ दिसली पाहिजे, वीस गुण. वर्गातली बाकीची मुलं हवालदिल झाली. हिला आपल्या खात्यात आल्यासारखं वाटलं.

कटकट सुरू झाली ती वाढीने ठरल्या वेळी यायला सुरुवात केल्यावर. पाचव्या गुरुवारी 'आज मी धीर एकवटून वर्गात पहिला प्रश्न विचारला' हे प्रसिद्ध झालं. त्या आठवड्यात तिने विचारलेला एकमेव प्रश्न पंखा जरा हळू करता येईल का, हा होता. सातव्या गुरुवारी 'मला माझ्यासारखीच धडपडणारी एक मैत्रीण मिळाली' हे आलं, आणि बाकावरची शेजारीण, अठरा वर्षांची, कानात सतत काहीतरी घातलेली, तिच्या वह्या हक्काने उतरवून घेणारी, तिने कानातलं एक बोंडूक काढून विचारलं, "काकू, ती मैत्रीण कोण?" "दुसऱ्या तुकडीतली," ही म्हणाली. "बरं," शेजारीण म्हणाली, आणि बोंडूक परत आत गेलं. पण त्या दिवशी तिने वही मागितली नाही. नवव्या आठवड्यात अपयश पचवायचं होतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात संख्याशास्त्राच्या चाचणीत हिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. दोन पोरी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. "काकू, होतं असं," म्हणाल्या. उत्तरपत्रिका पिशवीत दडवून, चेहरा पाडून बसण्यात तिचा सबंध तास गेला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या बाईंचा अभिप्राय मात्र दर गुरुवारी आठ वाजून एक मिनिटाने न चुकता येत असे: 'छान! अजून मोकळ्या व्हा.' एका मिनिटात साडेतीनशे शब्द वाचून होतात कसे, याचं तिला सुरुवातीला नवल वाटायचं. पुढे तिने तेही सोडून दिलं.

अकराव्या गुरुवारी आठ वाजून बारा मिनिटांनी ती कॉलेजच्या जिन्याखाली बाटलीत पाणी भरत होती तेव्हा फोन वाजला आणि पडद्यावर 'बाबा' आलं. बाबा फोन करत नसत. फोन आला तर घ्यायचा, आपण होऊन लोकांना कशाला उठवायचं, असं त्यांचं मत होतं.

"अगं, मी बोलतोय."

"हो बाबा. काय झालं?"

"काही नाही. रविवारी आपलं ते बोलणं झालं ना, तुझ्या कॉलेजचं. म्हटलं विचारावं, कसं चाललंय."

बाटली भरून पाणी हातावरून वाहायला लागलं. रविवारी ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेली होती हे खरं, पण बोलणं झालं होतं ते नळाच्या वॉशरबद्दल. कॉलेजचं तिने फक्त भावाला सांगितलं होतं, ब्लॉगही घरात तोच वाचायचा, आणि 'बाबांना मीच सांगेन, तू तोंड उघडू नकोस' असं बजावलं होतं. मग तिला आठवलं की आज गुरुवार आहे.

"मी तेव्हा म्हटलं तेच खरं," बाबा पुढे बोलत होते, एका दमात नाही, मधे मधे थांबत, मोठी केलेली अक्षरं बोटाने वर सरकवत असल्यासारखे. "तुझं शिक्षण अर्ध्यावर तोडल्याचं ओझं... मी इतकी वर्षं... मनात वागवत आलो. माझं चुकलं."

हे वाक्य ऐकायला ती पंचवीस वर्षं थांबली होती. बसमध्ये, ट्रेसिंगच्या टेबलाशी, सरळसोट रेघा ओढताना तिने ते नाना प्रकारे त्यांच्या तोंडी घालून पाहिलं होतं, कधी रागावून, कधी रडवून, एकदा तर दवाखान्याच्या खाटेवर. आणि आता ते खरोखर कानावर पडत होतं तेव्हा तिच्या मनात पहिली गोष्ट ही आली की वाक्य वाईट आहे. दुपारी अडीचच्या सुमारास, जेवणानंतर डोळे जड झाले असताना लिहिलेलं. ओझं मनात वागवत आलो! बाबांनी जन्मात ओझं मनात वागवलं नव्हतं. ओझं म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या घड्याळातलं, साखळीला लोंबणारं शिशाचं. हे खरंच कुणी बोलणार आहे असं माहीत असतं तर तिने जरा नीट लिहिलं असतं. पण त्या 'माझं चुकलं'पाशी त्यांचा आवाज किंचित खाली गेला, तेवढं तिने लिहिलेलं नव्हतं. "हो बाबा," ती म्हणाली. यापलीकडे तिचा गुन्हा नाही. बाटलीचं झाकण लावून ती तासाला गेली आणि फळ्यावर काय चाललंय ते तिला दिसेना.

शिक्षण अर्ध्यावर तोडलं म्हणजे तरी काय. आरडाओरडा नाही, दारं आपटणं नाही, गोष्टीत शोभेल असं काही नाही. ती अठरा वर्षांची, कॉलेज सुरू होऊन सहा आठवडे झालेले. बाबा घड्याळजी, बाजाराच्या तोंडाशी हातभर रुंदीचं दुकान. त्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, आधी एका, मग दुसऱ्या, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या घड्याळजीचं दुकान कोणीतरी उघडं ठेवायला हवं होतं. आई नव्हती, भाऊ नऊ वर्षांचा. "तीन महिने बस," बाबा म्हणाले. दुकानात साठ-सत्तर घड्याळं, प्रत्येक आपली निराळी वेळ दाखवणारं, आणि त्यांच्या मधोमध ती, लोकांना पावत्या फाडून देत, "बाबा आले की सांगतील" हे एकच वाक्य बोलत. टिकटिक कानात इतकी बसली होती की घरी आल्यावर शांततेने दचकायला व्हायचं. तीन महिन्यांचे आठ झाले, आठाचे चोवीस, कारण डोळे बरे झाले तरी हात थरथरत होते आणि बारीक स्क्रू तिलाच बसवता यायला लागले होते. कॉलेज सुटलं असं कोणी म्हटलं नाही. ते दुकानातल्या एखाद्या न नेलेल्या घड्याळासारखं फळीवर राहून गेलं. पुढे बाबांचे हात सावरले, कोणीतरी तिला अनुरेखकाचा वर्षभराचा कोर्स सुचवला, हिचा हात स्थिर आहे म्हणून, आणि ती खात्यात चिकटली. बाबांनी कधी 'बरं झालं' म्हटलं नाही की 'वाईट झालं' म्हटलं नाही. दर रविवारी ती जायची, ते टेबलाशी बसून एका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत असायचे, आणि ती उरलेल्या डोळ्याशी बोलायची.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात भावाचा फोन आला. भाऊ बाबांसोबत राहतो, औषधकंपनीत हिशेबनीस आहे, आणि लहानपणापासून कुठलीही बातमी देताना आधी एक सुस्कारा सोडतो.

"ताई, बाबांचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"भिंतीवर चिठ्ठ्या लावतायत. 'दाढी केली, सात वाजता.' 'गोळी घेतली.' 'भाऊ ऑफिसला गेला, डबा घेऊन.' अगं, माझ्या डब्याची चिठ्ठी! आज सकाळी तर दुरुस्तीला आलेली तिन्ही घड्याळं परत देऊन टाकली. म्हणतात, उघडायचो आणि कुठला स्क्रू कुठला ते विसरायचो, लोकांची वस्तू आहे. सोमवारी डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितलीय. मेंदूच्या."

"पण झालं काय असं एकाएकी?"

"मला काय ठाऊक. बुधवारपर्यंत ठणठणीत होते. गुरुवारी सकाळी तुझा लेख आला, तू त्यांना सांगितलंस म्हणून वाचलं, म्हटलं चला, एकदाचं ओझं उतरलं, आता लपवायला नको. अक्षरं मोठी करून माझा फोन दिला त्यांच्या हातात. 'काय बाबा, ताईचं कॉलेज कळलं ना?' म्हटलं. 'हो हो,' म्हणाले, 'कळलं ना.' मग दोनदा वाचलं. मग तुला फोन लावला. त्यानंतर हे चिठ्ठ्यांचं."

समोरच्या पडद्यावर जलवाहिनीची निळी रेघ एका चौकापाशी येऊन थांबली होती आणि पुढे कुठे न्यायची ते तिला आठवेना. शेजारच्या टेबलाशी हेडक्लार्क पुढच्या वर्षीच्या कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा सोडत होते.

म्हणजे असं. शहात्तर वर्षांचा एक माणूस, ज्याला कुणाच्या घड्याळाचा काटा कुठल्या साली बदलला हे तारखेनिशी ठाऊक असतं, तो स्वतःच्या मुलीची क्षमा मागितल्याचं वाचतो आणि ते त्याला काही केल्या आठवत नाही. आणि 'मला आठवत नाही' असं म्हणायची लाज वाटते म्हणून तो ते पाठ म्हणून दाखवतो. तिला स्वतःचा राग आला, मग बाबांचा आला, आणि बाबांचा जास्त आला. एवढं साधं 'अगं, हे मी कधी म्हटलं?' विचारता येऊ नये? पंचवीस वर्षांत एकदा हा माणूस तिच्यापुढे नमला आणि तोही चुकीच्या कारणाने. पुढचा हिशेब तर सोपा होता, म्हणूनच संताप आणणारा. सांगितलं की लेख बनावट होता, तर त्यांची घड्याळं परत येतील आणि तिची क्षमा जाईल. नाही सांगितलं, तर क्षमा राहील, आणि ते भिंतीवर 'क्षमा मागितली, रविवारी' अशी चिठ्ठी लावून डॉक्टरकडे जातील. शनिवारी दिवसभर ती भांडी घासताना, बसमध्ये, रांगेत, दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडली. ठेव ना एवढं एक, एक मन म्हणत होतं, डॉक्टर तपासतील, काही नाही म्हणतील, झालं. आणि तोवर त्यांनी घड्याळं उघडली नाहीत तर? तर काय, शहात्तराव्या वर्षी माणसं निवृत्त होतातच. हे वाक्य मनात तयार झालं तेव्हा ते किती सफाईदार झालंय हे पाहून तिला शिसारी आली. ठीक, गळती नाही.

रविवारी ती गेली तेव्हा बाबा खिडकीपाशी टेबलाशी बसले होते. टेबल रिकामं होतं. तिने त्यांना रिकाम्या टेबलाशी कधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. भिंतीवरच्या चिठ्ठ्या सुबक होत्या, प्रत्येकीवर वेळ. 'ताई येणार, अकरा.' ती आत येताच त्यांनी पेन घेतलं आणि पुढे लिहिलं, 'आली, अकरा पाच.'

"बस," ते म्हणाले. "कॉलेज कसं चाललंय? रविवारी आपण बोललो—"

"बाबा, नाही बोललो."

पेन हातातच राहिलं.

"आपण काही बोललो नाही. तो लेख मी जुलैमध्येच लिहून ठेवला होता. सगळेच. कॉलेजात द्यायचे होते. तारीख लावून ठेवली की ते आपोआप येतात. मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत."

"काही म्हणालो नाही?"

"एक शब्दही नाही."

"म्हणजे मी विसरलो नाही."

"नाही बाबा."

ते उठले. इतक्या चटकन की स्टूल मागे सरकलं. "मला वाटलंच होतं!" ते म्हणाले. "तीन रात्री झोप नाही. म्हटलं, गेलं डोकं. आणि म्हणे ओझं वागवत आलो! मी असं बोलतो का?"

"नाही."

"मग? तुला कळायला नको? बापाच्या तोंडी घालायचं तर बापाचं तोंड बघून घाल." आणि ते भराभर चिठ्ठ्या उपटायला लागले, एखादी रंगासकट निघत होती. "विसरतोय म्हणे. विचार काय विचारायचं ते. तुझं कॉलेज सुटलं ती तारीख विचार. सप्टेंबरची नऊ, मंगळवार. डोळ्यावर पट्टी होती माझ्या, पण तू जिना चढलीस तो आवाज ऐकला. वही टेबलावर ठेवलीस, पुठ्ठ्याची, आवाजावरूनच कळतं. मग नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलंस. दोन दिवस नीट जेवली नाहीस, तिसऱ्या दिवशी जेवलीस. दुकानात पहिलं गिऱ्हाईक लंबक अडकलेलं घेऊन आलं, तू त्याला उलटी पावती दिलीस. पुढच्या वर्षी जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं, नाव चालू ठेवायचं का म्हणून. ते मी वरच्या खणात ठेवलं, तुला दाखवलं नाही. बघ, आहे की नाही सगळं डोक्यात?"

शेवटची चिठ्ठी चुरगाळून ते तिच्याकडे विजयी मुद्रेने बघत होते, शाळेत सगळी उत्तरं बरोबर आल्यासारखे. तिला त्या पत्राबद्दल काहीही माहीत नव्हतं. हा माणूस तिच्या हातात एकेक पुरावा आणून ठेवत होता आणि प्रत्येकासाठी शाबासकी मागत होता. एवढं सगळं ऐकलं, मोजलं, तारखा लावून ठेवलं, आणि मग? मग काही नाही. तिने कपाळावर हात मारला नाही, कारण तो कपाळापर्यंत जाऊन तिथेच राहिला.

"हो," ती म्हणाली. "आहे सगळं."

"मग झालं तर." ते खाली बसले. खोलीत काही वेळ भिंतीवरची दोन घड्याळं बोलत राहिली, एक पुढे, एक अर्ध्या सेकंदाने मागे. त्यांनी खिशातून भिंग काढून पुसलं, पुन्हा खिशात ठेवलं. मग हात पुढे केला. "दे तो फोन."

तिने अकरावा लेख काढून दिला. भिंग डोळ्याला लावून, फोन नाकाशी धरून, त्यांनी तो पहिल्यापासून वाचायला घेतला, घड्याळ उघडल्यावर बघतात तसा, कुठे काय झिजलंय ते. शेवटपर्यंत गेले. पुन्हा वर आले.

"खुर्ची लिहिलंयस. 'बाबा खुर्चीत मागे रेलले.' माझ्याकडे खुर्ची कुठाय? स्टूल आहे. स्टुलावर रेलता येत नाही."

"बरं."

"आणि संध्याकाळचे पाच म्हणतेस. पाचला तू गेलेली असतेस. अकराला येतेस, एकला जातेस."

"बरं. आणखी?"

"ते ओझं काढ."

"काढते. बाकी?"

त्यांनी फोन तिच्याकडे दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही; भिंग अजून डोळ्याला होतं आणि दुसरा डोळा मिटलेला होता.

"बाकीचं राहू दे," ते म्हणाले. "लिहिलंयस ना एकदा."

मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून भावाला हाक मारली आणि ती तीन घड्याळं कोणाकोणाची होती ते नावानिशी सांगून परत आणायला पाठवलं. सोमवारची डॉक्टरची वेळ रद्द करायची राहिली, ती उलटून गेल्यावर भावाने मंगळवारी रद्द केली. तिने घरी येऊन खुर्चीचं स्टूल केलं, पाचाचे बारा केले, ओझं काढलं. आता उरलेलं वाक्य फक्त 'माझं चुकलं' एवढंच होतं आणि पूर्वीपेक्षा बरं होतं. बाराव्या ते पंधराव्या लेखांना लावलेल्या तारखा तिने काढून टाकल्या आणि ते चार लेख गुरुवारी पहाटे उठून, दात ओठ खात, त्या त्या आठवड्यात खरोखर काय झालं ते आठवून लिहिले. शेजारणीला वही दिल्याचं त्यात आलं, मागचं राहिलेलं पंख्याचं आलं, वरच्या खणातल्या पत्राचं आलं. दर वेळी एका मिनिटाने 'छान! अजून मोकळ्या व्हा' आलं.

डिसेंबरमध्ये निकाल लागला. ब्लॉगसाठी वर्गातल्या एकशे बारा जणांना, ज्यांनी तो उघडलाच नव्हता अशा एकतीस जणांसकट, वीसपैकी सोळा गुण सरसकट देण्यात आले होते.